प्रोलॅक्टिन 142 : गाठीचे की गोळीचे?

स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आलेल्या चिठ्ठीत चारच ओळी होत्या. स्त्री, वय 29. चौदा महिने पाळी नाही. सीरम प्रोलॅक्टिन 142 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, एमआरआयमध्ये पिट्युटरीच्या उजव्या अर्ध्यात 4 मिलिमीटरची गाठ. शेवटी प्रश्न : 'प्रोलॅक्टिनोमा धरून कॅबरगोलिन सुरू करावे का?' प्रोलॅक्टिन म्हणजे स्तनांत दूध आणणारे संप्रेरक, आणि 142 म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. प्रोलॅक्टिनोमा म्हणजे ते स्रवणारी पिट्युटरी ग्रंथीची गाठ, कॅबरगोलिन म्हणजे त्यावरचे औषध.

चिठ्ठीत लिहिलेले सगळे खरे होते. न लिहिलेले एवढेच, की रुग्णा तीन वर्षे रोज 4 मिलिग्रॅम रिस्पेरिडोन हे मनोविकाराचे औषध घेत होती.

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे, कोणा एका व्यक्तीचे नाही. पण त्यातला प्रत्येक आकडा अशा रुग्णांमध्ये दिसतो त्याच पट्ट्यातला आहे, आणि अशी चिठ्ठी कोणत्याही अंतःस्रावी विभागात नवी नाही. पिट्युटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथी डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या इशाऱ्यावर कशी चालते, हे पुस्तकात वाचून जितके समजते त्यापेक्षा या एका चिठ्ठीचे उत्तर लिहिताना जास्त समजते, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

चिठ्ठीच्या आधीची गोष्ट

चोविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. पहिल्या वर्षी रिस्पेरिडोनवर ती सावरली. मग बरे वाटते म्हणून गोळ्या स्वतःच बंद केल्या आणि दहा-अकरा आठवड्यांत आवाज, संशय, रात्र रात्र जागणे परत आले. रुग्णालयात भरती व्हावे लागले. तेव्हापासून गोळी एकदाही चुकलेली नाही. नोकरी सुरू आहे, घरात वावर ठीक आहे. जोडीला हात थरथरू नयेत म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल 2 मिलिग्रॅम.

पाळी भरतीनंतरच्या काही महिन्यांत अनियमित होऊ लागली आणि पुढे थांबली. स्तन दाबल्यावर पांढरा स्राव येतो हे तिच्या लक्षात आले होते. मानसोपचारतज्ज्ञांना तिने हे सांगितले नाही, कारण त्यांनी विचारले नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना मानसिक आजाराच्या गोळ्यांबद्दल सांगितले नाही, कारण त्यांचा पाळीशी काही संबंध असेल असे तिला वाटले नाही, आणि संकोचही होता. दोन्ही डॉक्टरांकडे अर्धी अर्धी हकीकत होती.

'आणखी काही औषधे?' या प्रश्नाला उत्तर 'नाही' असेच आले. 'पित्तासाठी, पोटासाठी, झोपेसाठी, कधीमधी घेतलेलेही सांगा,' असे विचारल्यावर कळले की गेले काही महिने सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल चालू आहे. पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोन. 'ती औषधात धरायची का डॉक्टर?' असे तिने खरोखरच्या आश्चर्याने विचारले. प्रोलॅक्टिन वाढलेल्या रुग्णाला पोटाच्या औषधांबद्दल वेगळा प्रश्न विचारलाच पाहिजे असे माझे मत आहे. डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड, लेव्होसल्पिराइड ही तिन्ही डोपामिनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागी डोपामिन बसते त्या जागा, अडवतात आणि तिन्ही लोकांच्या लेखी 'साधी पित्ताची गोळी' असतात.

न सांगता चालू असलेली पेशी

पिट्युटरीच्या पुढच्या भागातली बहुतेक संप्रेरके वरून, मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडून, आदेश आला की स्रवतात. थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएचसाठी हायपोथॅलॅमसचे टीआरएच लागते, अंडाशयाला चालना देणाऱ्या एलएच आणि एफएसएचसाठी त्याच्याच जीएनआरएचचे ठोके लागतात. पिट्युटरीचा देठ तुटला तर ही संप्रेरके खाली येतात. प्रोलॅक्टिन मात्र वर जाते.

1954 साली जॉन एव्हरेट यांनी उंदरांची पिट्युटरी तिच्या जागेवरून काढून त्याच उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रुजवली. मेंदूशी नाते पूर्ण तुटलेली ती ग्रंथी प्रोलॅक्टिन स्रवतच राहिली, इतके की अंडाशयातले पीतपिंड त्यावर टिकून राहिले. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या लॅक्टोट्रोफ पेशींना स्रवायला कोणी सांगावे लागत नाही. त्यांना थांबवायला कोणीतरी लागते.

हे थांबवण्याचे काम डोपामिन करते. हायपोथॅलॅमसच्या तळाशी असलेल्या आर्क्युएट केंद्रकातल्या चेतापेशी मीडियन एमिनन्सपाशी डोपामिन सोडतात, तिथून ते पोर्टल रक्तवाहिन्यांच्या छोट्या जाळ्यातून थेट पिट्युटरीत उतरते. चेतापारेषक म्हटले की दोन चेतापेशींमधली सूक्ष्म फट डोळ्यांसमोर येते. इथे तेच रसायन रक्तातून वाहत जाऊन दुसऱ्या अवयवातल्या पेशीवर काम करते, म्हणजे संप्रेरकासारखे वागते. लॅक्टोट्रोफच्या पृष्ठभागावरचा डी2 रिसेप्टर म्हणजे या पेशीचा ब्रेक आणि डोपामिन म्हणजे त्यावर कायम ठेवलेला पाय.

रिसेप्टरवर डोपामिन बसले की आत जी-प्रथिनाचा अवरोधक प्रकार जागा होतो. ॲडेनिलिल सायक्लेज मंदावते, चक्रीय एएमपी घटते. पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, त्यामुळे पेशीचा विद्युतभार आणखी ऋण होतो. कॅल्शियमच्या वाहिन्या उघडणे अवघड होते. कॅल्शियम आत आले नाही की प्रोलॅक्टिनने भरलेल्या पिशव्या बाहेर रिकाम्या होत नाहीत. हे काही सेकंद-मिनिटांचे काम. तासांच्या हिशेबात प्रोलॅक्टिनच्या जनुकाचे वाचन कमी होते, आणि त्याहून लांब काळात पेशींची वाढ रोखली जाते. डी2 रिसेप्टरचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे वर्णन 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे प्रोलॅक्टिन वाढलेले होते, लॅक्टोट्रोफ पेशींची दाटी झाली होती, आणि वय वाढल्यावर माद्यांमध्ये पिट्युटरीच्या गाठी झाल्या. यावरून गोळीने गाठ होते असा निष्कर्ष मात्र काढू नये. जन्मापासून रिसेप्टरच नसणे आणि औषधाने तो काही अंशी अडणे यांत फार अंतर आहे.

प्रोलॅक्टिन स्वतःही या व्यवस्थेत ढवळाढवळ करते. थायरॉइड किंवा ॲड्रिनलसारखी दुसरी ग्रंथी खाली नसल्यामुळे 'पुरे झाले' हा निरोप प्रोलॅक्टिनच वर नेते. ते डोपामिनच्या चेतापेशींना चेतवते, त्या जास्त डोपामिन सोडतात, प्रोलॅक्टिन खाली येते. आमच्या रुग्णेत हा निरोप नक्कीच जात असणार. 142 इतके प्रोलॅक्टिन पाहून हायपोथॅलॅमस ब्रेक आणखी जोराने दाबत असणार. पण रिसेप्टरवर आधीच रिस्पेरिडोन बसलेले, मग जोर वाया.

टीआरएच आणि इस्ट्रोजेन प्रोलॅक्टिन वाढवतात, सेरोटोनिन वाढवते, अफूवर्गीय औषधे डोपामिनच्या चेतापेशींना दाबून वाढवतात. पण या सगळ्यांचा जोर डी2 पुढे थोडाच.

मेंदूच्या बाहेरची पिट्युटरी

डोम्पेरिडोन मेंदूत जवळजवळ शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांमधला अडथळा त्याला थोपवतो. म्हणूनच मळमळीसाठी दिल्यावर ते हातापायांचा ताठरपणा क्वचितच आणते. तरीही प्रोलॅक्टिन वाढवते, आणि चांगलेच वाढवते. कारण साधे आहे : मीडियन एमिनन्स आणि पिट्युटरीचा पुढचा भाग त्या अडथळ्याच्या बाहेर आहेत. आजाराच्या जागी पोहोचायला औषधाला भिंत ओलांडावी लागते, पिट्युटरीत पोहोचायला नाही.

रिस्पेरिडोन भिंत ओलांडते. पण यकृतात त्याचे बरेचसे 9-हायड्रॉक्सी-रिस्पेरिडोनमध्ये रूपांतर होते, ज्याला स्वतंत्र औषध म्हणून पॅलिपेरिडोन म्हणतात. मेंदूच्या दारावर असलेले पी-ग्लायकोप्रथिन या रेणूला बाहेर ढकलत राहते. परिणामी मेंदूत पुरेसे औषध पोहोचवायचे तर रक्तात, म्हणजेच पिट्युटरीत, त्याहून जास्त ठेवावे लागते. ज्या औषधांना मेंदूत शिरणे जड जाते ती प्रोलॅक्टिन अधिक वाढवतात. रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, अमिसल्पिराइड या यादीत वर असण्याचे एक मोठे कारण हेच. क्लोझापिन आणि क्वेटियापिन रिसेप्टरवर सैल बसतात आणि लवकर सुटतात. त्यांच्यावर प्रोलॅक्टिन फारसे हलत नाही.

2000 साली शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाचा पहिलाच झटका आलेल्या 22 रुग्णांना हॅलोपेरिडॉलचे लहान डोस देऊन पेट स्कॅनने डी2 रिसेप्टर किती अडले ते मोजले. सुमारे 65 टक्के अडले की आजार उतरण्याची शक्यता वाढे, 72 टक्क्यांच्या पुढे प्रोलॅक्टिन वाढे, 78 टक्क्यांच्या पुढे हालचालींचे दुष्परिणाम दिसत. हे आकडे वर्गात हमखास सांगितले जातात. सोबत हेही सांगायला हवे की मोजणी मेंदूतल्या स्ट्रायटममध्ये झाली होती, पिट्युटरीत नव्हे. हॅलोपेरिडॉल मेंदूत सहज शिरते, म्हणून तिथे एकाचा अंदाज दुसऱ्याला लागू पडतो. रिस्पेरिडोनच्या बाबतीत 65 आणि 72 मधली ती चिंचोळी वाट बहुधा उरतच नाही. आजारावर पुरेसा डोस दिला की प्रोलॅक्टिन वाढलेलेच असते. 'डोस थोडा कमी करून पाहू' हा सल्ला म्हणूनच वाटतो तितका उपयोगी नाही.

142 चा अर्थ

प्रोलॅक्टिन वाढलेल्या स्त्रीत पहिली तपासणी गरोदरपणाची. ती नकारात्मक. टीएसएच 2.4, म्हणजे थायरॉइडची कमतरता नाही. ती असती तर वाढलेले टीआरएच प्रोलॅक्टिनही ढकलते आणि पिट्युटरीही फुगलेली दिसते. क्रिएटिनिन ठीक. एलएच 1.8, एफएसएच 3.9, इस्ट्राडायॉल 18 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर : वरूनच ठोके मंदावल्याचे चित्र. वाढलेले प्रोलॅक्टिन हायपोथॅलॅमसमधल्या किसपेप्टिन चेतापेशींवर बसते, त्या गप्प होतात, जीएनआरएचचे ठोके विरळ होतात आणि अंडाशय शांत बसते. पाळी थांबण्याचे कारण स्तनात नाही, अंडाशयातही नाही.

मॅक्रोप्रोलॅक्टिन तपासले. काही लोकांत प्रोलॅक्टिनचा रेणू प्रतिपिंडाला चिकटून मोठा होतो. तो रक्तात साचतो, यंत्रात मोजला जातो, पण शरीरात जवळजवळ काहीच करत नाही. पॉलिएथिलिन ग्लायकोलने हे मोठे रेणू खाली बसवून उरलेले मोजतात. इथे 88 टक्के प्रोलॅक्टिन वरच राहिले, म्हणजे ते खरेच होते. लक्षणेही खरीच होती, त्यामुळे या चाचणीने मला फारसे आश्चर्य दिले नाही.

उरली गाठ. एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की विचार तिथेच अडकतो, कारण चित्र दिसते आणि रिसेप्टर दिसत नाही. पण निरोगी प्रौढांचे एमआरआय केले तरी दहातल्या एकाच्या आसपास लोकांमध्ये पिट्युटरीत अशी बारीक गाठ सापडते. 4 मिलिमीटरची गाठ देठ दाबू शकत नाही, त्यामुळे 'दाब पडून डोपामिन खाली येत नाही' हे स्पष्टीकरण बाद. ती गाठ स्वतः प्रोलॅक्टिन स्रवते का, एवढाच प्रश्न. आणि 142 हा आकडा त्याचे उत्तर देत नाही. लहान प्रोलॅक्टिनोमातही एवढे प्रोलॅक्टिन असू शकते, रिस्पेरिडोनवरही असू शकते. औषधाने प्रोलॅक्टिन शंभराच्या वर जात नाही असे अजून काही ठिकाणी शिकवतात. रिस्पेरिडोनवर 200 ओलांडलेले रुग्णही नोंदलेले आहेत.

डोम्पेरिडोनची कॅप्सूल थांबवली, पित्तासाठी नुसते पँटोप्राझोल ठेवले. दोन आठवड्यांनी प्रोलॅक्टिन 131. फरक नगण्य, आणि तसाच अपेक्षित होता. रिसेप्टर आधीच बहुतेक अडलेले असतील तर दुसऱ्या अडवणाऱ्याला करायला फारसे उरत नाही. ही कॅप्सूल एकटी असती तर ती मुख्य आरोपी ठरली असती.

नियमाप्रमाणे पुढची पायरी म्हणजे संशयित औषध तीन दिवस थांबवून पुन्हा मोजणे. तोंडाने घेतलेल्या रिस्पेरिडोनसाठी तीन दिवस पुरतात. महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनसाठी अर्थातच नाही. पण हाच नियम असेही सांगतो की औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय ते थांबवू नये. जिचा आजार एकदा गोळ्या सोडल्यावर उसळला होता, तिला 'तीन दिवस गोळी घेऊ नका' हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकवायचे का? तीन दिवसांत आजार उलटेल असे नव्हे. 'गोळीशिवायही चालते' असा समज रुजेल, ही भीती होती. मानसोपचारतज्ज्ञांनी फोनवर स्पष्ट नकार दिला आणि मला तो पटला.

जुन्या फाइलमधला कागद

उत्तर तपासणीतून नाही, हकिकतीतून आले. आईला विचारले, 'मधल्या काळात हिने गोळ्या सोडल्या होत्या, तेव्हा पाळी येत होती का?' आई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, 'हो, तेव्हा दोनदा आली होती. मला वाटलं, गोळ्या सोडल्याचं निदान एवढं तरी बरं झालं.'

मग भरतीच्या वेळची फाइल मागवली. त्यात, रिस्पेरिडोन पुन्हा सुरू करण्याच्या आदल्या दिवशीच्या रक्ताचा रिपोर्ट होता. कोणी का पाठवले होते ठाऊक नाही, पण यादीत प्रोलॅक्टिन होते : 17, म्हणजे सामान्य.

आम्हाला करायची होती ती चाचणी रुग्णेने स्वतःच, फार मोठी किंमत मोजून, तीन वर्षांपूर्वी करून ठेवली होती. औषध नाही तेव्हा 17, औषध आहे तेव्हा 142. औषध नाही तेव्हा पाळी येते, औषध आहे तेव्हा नाही. तीन वर्षांत एखादी स्रवणारी गाठ नव्याने होऊच शकत नाही असे म्हणता येणार नाही. पण पाळी बिघडायला सुरुवात झाली ती गोळी परत सुरू झाल्यावर काही महिन्यांत, आणि हा क्रम गोळीकडेच बोट दाखवतो. वाढीचे संप्रेरक दाखवणारे आयजीएफ-1 आणि सकाळचे कॉर्टिसोल ठीक होते. गाठ स्राव न करणारी, योगायोगाने सापडलेली, असे धरायचे ठरले.

हाच क्रम उलट असता, म्हणजे औषधाविनाही प्रोलॅक्टिन 90 असते, तर निर्णय वेगळा झाला असता. आणि गाठ 3 सेंटिमीटरची असून प्रोलॅक्टिन 142 च दिसले असते, तर नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा मोजायला सांगितले असते. प्रोलॅक्टिन अतोनात वाढले की काही यंत्रांमधले प्रतिपिंड त्याखाली बुडून जातात आणि खोटा कमी आकडा देतात.

एकाच रिसेप्टरकडून दोन मागण्या

आता चिठ्ठीतल्या प्रश्नाचे उत्तर. कॅबरगोलिन डी2 रिसेप्टर चेतवते. रिस्पेरिडोन तोच अडवते. एक औषध पिट्युटरीसाठी, दुसरे मेंदूसाठी असे आपण कागदावर लिहितो, पण रेणूंना हा पत्ता वाचता येत नाही. कॅबरगोलिन मेंदूतही जाते आणि तिथे ते आजाराच्याच बाजूने काम करू शकते. शिवाय पिट्युटरीत त्याला रिस्पेरिडोनशी जागेसाठी झगडावे लागते, म्हणजे डोस वाढवावा लागतो, म्हणजे मेंदूतला धोका वाढतो. मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली असे उपचार केलेले आणि बिघाड न झालेले रुग्ण आहेत. तरी पहिल्या पायरीवर याला जागा नाही, आणि इथे तर गाठ आटवण्याचे कारणही नव्हते.

काहीच न करणे हाही पर्याय असतो. प्रोलॅक्टिन वाढलेले असून पाळी नियमित असेल, स्राव नसेल, तर नुसत्या आकड्यावर उपचार करू नयेत असे मी ठामपणे म्हणेन. इथे मात्र चौदा महिने इस्ट्रोजेनविना गेले होते. कण्याच्या हाडांची घनता मोजली तर झेड-स्कोअर उणे 1.8 आला. वयाच्या मानाने अपेक्षित पट्ट्याच्या आत, पण तळाशी. तिशीच्या आत असलेल्या स्त्रीची हाडे अशी झिजू देणे बरोबर नव्हते.

रिस्पेरिडोन बदलून ओलान्झापिन किंवा क्वेटियापिन देता आले असते. वजन आणि साखरेचा प्रश्न पुढे उभा राहिला असता, आणि चाललेले औषध बदलणे म्हणजे आजार उलटण्याची जोखीम. प्रोलॅक्टिन तसेच ठेवून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन बाहेरून देणे शक्य होते. हाडे वाचली असती, दूध येणे थांबले नसते. तिने स्वतः सांगितले की पाळीपेक्षा तो स्राव तिला जास्त छळतो. कपड्यावर डाग दिसेल या धास्तीने ती उन्हाळ्यातही दोन कपडे घालून कामावर जाते. हे ऐकल्यावर तो पर्याय मागे पडला.

ठरले ते असे : रिस्पेरिडोन आहे तसेच ठेवायचे आणि ॲरिपिप्राझोल 5 मिलिग्रॅम जोडायचे.

प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या मनोविकाराच्या औषधावर उपाय म्हणून मनोविकाराचेच दुसरे औषध, हे ऐकायला विचित्र वाटते. रिसेप्टरच्या पातळीवर ते अगदी सरळ आहे. ॲरिपिप्राझोल डी2 चे अंशतः चेतक आहे. ते रिसेप्टरवर डोपामिनपेक्षा आणि बहुतेक जुन्या औषधांपेक्षाही घट्ट बसते, पण बसल्यावर पूर्ण नव्हे तर थोडा संदेश देते. भोवती डोपामिनचा पूर असेल तिथे हा थोडा संदेश म्हणजे घट. डोपामिनचा संदेश पोहोचतच नसेल तिथे तो वाढ. मेंदूच्या आजारी मंडलात पूर आहे, त्यामुळे तिथे ते अवरोधकासारखे वागते. रिस्पेरिडोनने अडवलेल्या पिट्युटरीत संदेश शून्याजवळ आहे, त्यामुळे तिथे रिस्पेरिडोनला हटवून बसलेला हा रेणू ब्रेक अर्धामुर्धा का होईना पुन्हा दाबतो. लॅक्टोट्रोफला तेवढेही पुरते.

ही युक्ती सगळ्यांवर सारखी चालत नाही. रुग्णा अमिसल्पिराइडवर असती तर मी हा मार्ग सुचवला नसता. ते मेंदूत अवघड जाते, म्हणून रक्तात त्याचे प्रमाण फार ठेवावे लागते, आणि पिट्युटरीत त्या गर्दीपुढे ॲरिपिप्राझोलच्या लहान डोसचे काही चालत नाही. प्रोलॅक्टिन फारसे उतरत नाही. आणि दुसरी बाजूही आहे : भक्कम अवरोधक हटवून अर्धवट चेतक बसवल्यावर काही थोड्या रुग्णांत आजार चाळवतो, अस्वस्थता येते. म्हणून पहिले सहा आठवडे मानसोपचारतज्ज्ञांची दर आठवड्याची भेट ठरवली, आणि झोप कमी झाली तर वाट न पाहता फोन करायचा असे आईला सांगितले. तिच्या आजाराची पहिली खूण झोपच होती.

पुढे काय झाले

ॲरिपिप्राझोलचे अर्धायुष्य सुमारे 75 तास. रक्तातली पातळी स्थिर व्हायला दोन आठवडे लागतात, त्याआधी प्रोलॅक्टिन मोजणे म्हणजे पैसे आणि रक्त दोन्ही फुकट. चौथ्या आठवड्यात मोजले : 52. स्राव जवळजवळ थांबला होता. डोस 10 मिलिग्रॅम केला. त्यानंतर काही दिवसांत ती एका जागी बसू शकेना. पाय सतत हलत, खुर्चीतून उठून येरझारा. आईला वाटले आजार परतला. तो अकॅथिसिया होता, औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम. इथे जर कोणी घाईने 'आजार वाढला' समजून रिस्पेरिडोन वाढवले असते तर सगळे मुसळ केरात गेले असते. प्रोप्रॅनोलॉल लहान डोसमध्ये दिले, गोळी रात्रीऐवजी सकाळी केली, दोन आठवड्यांत चलबिचल ओसरली. आवाज नाहीत, संशय नाही, झोप सात तास.

आठव्या आठवड्यात प्रोलॅक्टिन 23, इस्ट्राडायॉल 64. दहाव्या आठवड्यात पाळी आली.

पाळी येण्याच्या आधी एक गोष्ट मुद्दाम बोलावी लागते आणि ती बहुतेकदा राहून जाते. प्रोलॅक्टिन उतरले की अंडमोचन आधी होते, पाळी नंतर. 'मला पाळीच येत नाही' या भरवशावर असलेल्या स्त्रीला पाळीची वाट पाहत असतानाच गर्भ राहू शकतो. ॲरिपिप्राझोलची पहिली चिठ्ठी लिहिली त्याच दिवशी गर्भनिरोधाबद्दल तिच्याशी, आईला बाहेर बसवून, बोलणे झाले होते.

सहा महिन्यांनी मानसोपचारतज्ज्ञांनी रिस्पेरिडोन हळूहळू 4 वरून 3 वर आणण्याचे सुचवले. औषधशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच होते; दोन औषधे कायम ठेवण्यापेक्षा एकावर येणे बरे. तिने नकार दिला. 'मागच्या वेळी कमी करायचं मीच ठरवलं होतं. आता नको.' तिच्या नकारात तिचा आजार बोलत नव्हता, अनुभव बोलत होता, त्यामुळे कोणी आग्रह केला नाही. विषय वर्षभराने पुन्हा काढायचा असे फाइलमध्ये लिहिले आहे.

बारा महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये गाठ 4 मिलिमीटरच आहे. प्रोलॅक्टिन 20 च्या आसपास. डोपामिनचा अर्धवट संदेशही प्रोलॅक्टिनोमाला काही अंशी आवरू शकतो, त्यामुळे ॲरिपिप्राझोलवर प्रोलॅक्टिन उतरले म्हणजे गाठ निरुपद्रवी हे सिद्ध झाले, असा दावा या आकड्यावरून करता येणार नाही. तो आधार 17 च्या जुन्या रिपोर्टचाच. फाइलच्या पहिल्या पानावर आता प्रत्येक प्रोलॅक्टिनच्या शेजारी त्या दिवशी चालू असलेली सगळी औषधे डोससह लिहिलेली आहेत, पित्ताच्या गोळीसकट. हाडांची घनता पुढच्या वर्षी पुन्हा मोजायची आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना पाठवलेल्या उत्तरात पहिलीच ओळ होती : कॅबरगोलिन देऊ नये.